निनादचं अंगण

सांगलीच्या बंगल्याचा सौदा ठरला, पण घोडं अडलं अंगणातल्या ब्राँझच्या पुतळ्यापाशी. गोट्या खेळायला उकिडवा बसलेला तो मुलगा म्हणजे वसुधाताईंचा निनाद. तो तापाने गेला, त्या वर्षी त्याच्या वडिलांनी, शिल्पकार भार्गवरावांनी, हा पुतळा घडवला होता. आता त्याला मोठी किंमत आली होती, आणि बंगला घेणाऱ्यांना तो हवाच होता.

"पुतळा मी देणार नाही. माझं लेकरू माझ्याबरोबर पुण्याच्या फ्लॅटमध्ये येईल," वसुधाताई म्हणाल्या.

"चौथ्या मजल्यावर, बाल्कनीत? तिथे कोण खेळेल गं त्याच्याशी?" भार्गवराव हळूच म्हणाले.

निनाद गेल्यापासून त्यांनी त्याचा विषय कधी काढला नव्हता. वसुधाताई खिडकीपाशी गेल्या. बाहेर, घेणाऱ्यांची मुलगी पुतळ्यासमोर बसून म्हणत होती, "टाक ना रे! तुझाच डाव आहे."

वसुधाताई बराच वेळ बघत राहिल्या. मग डोळे पुसून अंगणात उतरल्या आणि तिच्याशेजारी खाली बसल्या.

"त्याचं नाव निनाद आहे, बाळा," त्या म्हणाल्या. "रोज हाक मारशील ना त्याला?"