तागडी

एक्क्याऐंशी साली, केस पिकल्यावर, हिंगणघाटचे किराणा दुकानदार मोतीलाल पहिल्यांदाच बायकोला, रुख्मिणीबाईंना, घेऊन फिरायला निघाले, तेही गिरडच्या टेकडीपर्यंत. एरवी दर खेपेला दुकान आडवं यायचं. जेवणाची पिशवी रुख्मिणीबाईंकडे होती. मोतीलालांच्या खांद्यावर मात्र आणखी एक जड थैली होती. "थैलीत काय हाय?" एसटीत रुख्मिणीबाईंनी विचारलं. "गोटे," मोतीलाल हसून म्हणाले. थांबत थांबत टेकडी चढून दोघं दर्ग्याजवळ सावलीत टेकले. पायाशी गोल गोल गोटे विखुरले होते. रुख्मिणीबाईंनी एक उचलला. "शेख फरीद बाबानं व्यापाऱ्यायले इचारलं, पोत्यात काय हाय? ते खोटंच बोलले, गोटे हाय म्हने. मंग पोत्यातला सारा माल गोटे झाला." मोतीलालांचा चेहरा उतरला. शेवटी तेही व्यापारीच. घाईघाईनं त्यांनी थैलीची गाठ सोडली. आतून दुकानातली पितळी तागडी निघाली, शाबूत. "हे काऊन आणली इथं?" "काल दुकान इकलं. गुडघे चालत नाई आता. सारं देऊन टाकलं, हे देववली नाई." वारा छान सुटला होता. रुख्मिणीबाईंनी पिशवी उघडली, तागडीच्या एका पारड्यात भाकर ठेवली, दुसऱ्यात झुणका वाढला आणि दोन्ही पारडी नवऱ्यापुढे सरकवली. "जेवा," त्या म्हणाल्या. "येत्या सोमवारी बोरधरण पाहू. तवाबी हे आणजा, ताटं वागवाले नको."