दहावी नोंद

"नऊच होतात, कचरूभाऊ," निवृत्तीनं तिसऱ्यांदा बेरीज करून सांगितलं. "दहा पाहिजेत."

बोरवंडचा कोतवाल कचरू टेबलापुढं उभाच होता. धाड गावापर्यंत पायी आणि पुढं एसटीनं तो बुलढाण्याला आला होता.

"मंग एक जास्त लिवा ना, सायेब. कोन पाह्यते?"

"मी पाहतो," निवृत्ती म्हणाला.

१९६५ सालचा मार्च होता. निवृत्ती कचेरीत सांख्यिकी सहाय्यक होता, म्हणजे गावोगावचे जन्म, मृत्यू, विहिरी आणि देवीच्या लसी मोजणारा माणूस. बाकीचे कारकून खुर्चीत बसून आकडे पिकवायचे. हा गडी मात्र सायकल काढून खातरजमा करायला जायचा. अशा माणसाला बढती मिळत नसते, आणि त्यालाही मिळाली नव्हती.

त्या वर्षीचा नियम सरळ होता. मार्चअखेर ज्या गावात वर्षभरात दहा तान्ही मुलं दगावली असतील, त्या गावाला कायमची नर्सबाई. नऊवाल्यांनी पुढच्या वर्षी यावं.

बोरवंडच्या वहीत आधी एकच मृत्यू होता. साहेब खूश होते. निवृत्तीला मात्र ते पचेना. त्यानं गावच्या शाळेचा पट मागवला. एकेचाळीस मुलांत कचरू, उकंडा, दगडू, कडूबा अशी तेरा नावं निघाली. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला आईबाप असलं टाकाऊ नाव ठेवतात, मरणाची नजर त्याच्याकडे वळू नये म्हणून. मग अशा नावांनी भरलेल्या गावात मुलं मरत नाहीत, हे कसं?

तो घरोघर फिरला. सुईणपण करणारी म्हातारी जनकाबाई त्याच्यावरच डाफरली. "बारसं झालं नाई, त्याचं नाव काय सांगाव? बिननावाचं लेकरू वहीत लिवते का कोनी?"

वहीत नावाचा रकाना होता. लेकराला नाव नव्हतं, म्हणून लेकरूच नव्हतं. लबाडी कुणीच केली नव्हती. निवृत्तीनं त्या रकान्यात 'नाव नाही' असं लिहायला शिकवलं, आणि एकाचे नऊ झाले.

कचरूची दोन मुलं त्याआधीच्या वर्षांत गेली होती, त्यामुळे ती या हिशेबात बसत नव्हती. दोन्ही बारा दिवसांच्या आत गेली. दूध सोडायचं, अंग आवळायचं आणि संपायचं. आता त्याच्या बायकोला, गीताबाईला, दिवस भरत आले होते.

"गीता म्हनते, औंदा बी गेलं तं मी विहीर जवळ करीन," कचरू म्हणाला. "तिचा काई भरवसा नाई, सायेब. मले नर्सबाई पायजेच."

निवृत्ती साहेबांकडे दोनदा जाऊन आला होता. "नावांवरून मेलेली मुलं मोजता?" साहेब हसले होते. "दहा आणा, मग बोलू."

"खोटी नोंद केली अन् कोणी तपासली, तर खरे नऊही जातील," निवृत्तीनं समजावलं. "एकतीस तारखेपर्यंत वही उघडी आहे. तोवर जर..."

तो थांबला. आपण काय बोलायला निघालो होतो हे कळून त्याला स्वतःची लाज वाटली. कचरूनं मान हलवली आणि तो निघून गेला.

एकतीस तारखेला, दुपारी चारच्या सुमाराला, कचरू पुन्हा आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्यानं घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. पोलीस पाटील भगवानरावांचा मृत्यूचा दाखला होता. सही, शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी होतं.

निवृत्तीनं तो वाचला.

"तुझं?"

"हाव."

"किती दिवसांचं होतं?"

"नऊ."

"दूध सोडलं?"

कचरूनं खाली पाहूनच मान हलवली. "लिवा, सायेब. कचेरी बंद होईन."

पडताळणीला जायला हवं होतं. पण बाप समोर उभा असताना कोण पडताळणी करील? निवृत्तीनं टाक बुडवला. दहावी ओळ. नावाच्या रकान्यात 'नाव नाही'. आकडा पुरा झाला म्हणून त्याला क्षणभर बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला शिसारी आली.

"आता कोणी अडवत नाही," तो म्हणाला. "आज साहेबांची सही घेतो. आठवड्यात बाई येईल तुमच्या गावात. जरा आधी आली असती तर, कचरूभाऊ..."

"लिवलेलं मांगून पुसत तं नाई ना?"

"नाही. इथं एकदा लिहिलं की लिहिलं."

"कोनी पाहाले आलं तरी?"

"कोणी येत नाही. मीच येतो, अन् मी येणार नाही. गीताबाई कशी आहे?"

"आली हाय संग. तिले माह्यारी पोचवून देतो, थोडे दिस. गावात नको."

निवृत्तीला ते पटलं. अशा वेळी आईजवळ असलेलं बरं. त्यानं खिडकीतून पाहिलं. आवारातल्या लिंबाखाली गीताबाई डोक्यावरून पदर ओढून, गाठोडं पोटाशी धरून बसली होती. तिच्यासमोर जायचा त्याला धीर झाला नाही. वही बगलेत मारून तो साहेबांच्या खोलीकडे वळला.

कचरू पायऱ्या उतरून लिंबाखाली गेला. गीताबाईनं मान वर केली नाही.

"लिवलं?"

"लिवलं. पक्क्या शाईनं."

तिनं पोटाशी धरलेल्या गाठोड्यावरचा पदर हळूच सारला.

"मंग पाजू का आता त्याले? लय येळचा भुकेला हाय."