स्वस्त छंद

"यंत्र झालं, पटाशा झाल्या, आता कसलंसं महागडं लाकूड. एवढ्यात जन्मभर पुरतील इतकी पेनं विकत आली असती," पावत्या चाळत हे म्हणाले.

मागच्या खोलीत आमची लेक लेथवर लाकूड कातून पेन घडवत होती. नवा छंद, तीन महिन्यांचा.

"आणि आधीचा छंद?" मी विचारलं.

"तो स्वस्त होता. एकदा दोर घेतला की झालं. कडे चढायचं भाडं कोण मागतंय?"

त्या स्वस्त छंदाची सहा वर्षं मी फोन उशाशी घेऊन झोपले. अनोळखी नंबर दिसला की आधी भिंतीला टेकायचे, मग उचलायचे. आणि फोन वाजला रे वाजला की हे नेमके बाथरूममध्ये शिरायचे.

तेवढ्यात लेथ थांबला. एका हातात दुसरा हात धरून लेक दारात आली. "आई, लागलं गं."

हे उठले ते खुर्ची पाडूनच. मी चष्मा लावून पाहिलं. करंगळीत लाकडाचं बारीकसं कुसळ होतं. सुईनं काढलं, वर पट्टी चिकटवली.

"एवढंच?" यांनी दोनदा विचारलं.

"एवढंच हो, बाबा."

यांनी खुर्ची उचलली, बसले, जरा वेळ तिच्या करंगळीकडे बघत राहिले.

"तुझ्याबरोबर कडे चढायच्या त्या दोघीतिघी, त्यांनाही बोलाव की शिकायला," हे म्हणाले. "कमी पडलं तर आणखी एक यंत्र घेऊ."