वरचा सूर

लोटनभाऊंची गायन पार्टी पिंपळनेरला गायली, तेव्हा तिथल्या मास्तरांनी महागाची कॅसेट घालून सगळा कार्यक्रम भरून दिला. घरच्या टेपवर मात्र ती गोधडीखालून गायल्यासारखी वाजे. वैतागून लोटनभाऊ टेप घेऊन चाळीसगावला यादव मेकॅनिककडे गेले. सोबत बायको होती, कलाबाई. पार्टीत ती मागे बसून कोरस धरायची.

"कॅसेट झकास आहे भाऊ," यादव म्हणाला. "तुमच्या टेपचं हेड तिरकं झालंय. बारीक आवाज त्याला सापडतच नाहीत."

त्याने हेडजवळचा स्क्रू केसभर फिरवला आणि आवाज एकदम उघडला. टाळांची किणकिण, ढोलकीवरची बोटं, सगळं समोर येऊन बसलं. मग ती ओळ आली, जिच्या वरच्या सुराला बावीस वर्षं गावोगाव टाळ्या पडत होत्या. लोटनभाऊंचा आवाज अर्ध्यातच विरला होता. तो सूर एका बाईच्या गळ्यातून, लखलखीत, जराही न हलता वर चढत होता. गाताना आपल्याच आवाजाच्या भरात त्यांना तो कधी ऐकूच आला नव्हता. त्यांनी कॅसेट मागे घेऊन ती ओळ तीनदा ऐकली.

"हाऊ सूर तुना शे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमना दम तुटे," कलाबाई म्हणाली, "म्हनीसन मी धरी ठेवू."

"कव्हयपासून?"

"लगीन झायं तव्हयपासून."