व्हॅनिलाची लग्नं

वेलीखाली पुन्हा फुलांचा सडा पडला होता. बागवानानं पानांत अडकलेलं एक गळकं फूल उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

व्हॅनिलाची वेल परमुलखातली. जातीची ऑर्किड, त्यामुळे नखरे भरपूर. फूल पहाटे उमलतं नि दुपारी मिटतं. तेवढ्यात कुणीतरी बारीक काडीनं आतला पडदा उचलायचा आणि पराग अलगद पलीकडे टेकवायचा. ते काम करणारी माशी वेलीबरोबर आलीच नाही, मायदेशी राहिली. म्हणून ते माणसानं करायचं, आणि या घरात त्या कामाला लग्न लावणं म्हणत. लग्न लागलं तर फूल वेलीला धरून राहतं आणि शेंग वाढते. नाही लागलं तर दुसऱ्या दिवशी जमिनीवर.

लग्नं लावायची ती बागवानाची बायको. काय केलं ते बघणाऱ्याला कळायच्या आत ती पुढच्या फुलापाशी पोचलेली असायची. मग तिला झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, उभं राहायचा सराव आत्ताच केला तर चालाल, नाहीतर ही चाकांची खुर्ची सुटायची नाही. तिनं तोंड फिरवलं. "उभी राहून करू काय?" एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर हो-नाहीपलीकडे बोलणंच बंद. बागवानाला फुलं गळण्याचं दुःख होतं, पण ही शांतता त्याला आतून खात होती.

म्हणून तो रोज सकाळी तिची खुर्ची ढकलत वेलींमध्ये आणायचा. निदान चिडेल, चार शब्द सुनावेल. काडी घेऊन तो वरच्या फुलांपासून सुरुवात करायचा आणि आपल्या जाडजूड बोटांनी एकेकाचा चुराडा करायचा. ती नुसती बघत राहायची. खाली वाकायची वेळ आली की त्याची कंबर धरायची. मग तिला तिथंच ठेवून तो घरात जायचा, आधी चहा, मग तिच्या गोळ्या, आणि तो परत येईपर्यंत फुलं मिटलेली. खालच्या फुलांच्या नशिबी ब्रह्मचर्यच होतं.

आज लेक कोयता घेऊनच आली.

"बाबा, पुरे झालं. काढून टाकू या वेली. आईनं तरी रोज हे किती बघायचं?"

 नको म्हणावं तर बागवानाजवळ दाखवायला एक शेंगसुद्धा नव्हती. लेकीनं खाली बसून वेलीचं बूड धरलं, कोयता उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"बाबा, ही फुलं गळली नाहीत."

खालची फुलं सुकली होती, पण वेलीला घट्ट धरून होती. त्यांच्या मागे कोवळ्या हिरव्या शेंगा लांबायला लागल्या होत्या.

"आपोआप झालं असेल," बागवान म्हणाला. पण तोच जन्मभर सगळ्यांना सांगत आला होता, की हे फूल आपोआप काही करत नाही.

"यांची लग्नं तुम्ही लावलीत?"

"मी? मला वाकता कुठं येतंय!"

लेक वेलीवेलीतून फिरली. सगळीकडे तेच. खुर्चीत बसून हात पोचेल तिथवरची फुलं टिकली होती. त्याच्या वरचं एकही नाही. दोघांनी एकदमच मागे वळून बघितलं.

डाव्या पायानं खुर्ची वेलीपाशी रेटून तिचं काम चालू होतं. डाव्या हातानं तिनं आपला लुळा उजवा हात उचलला आणि एका फुलाखाली उशीसारखा ठेवला. ओठांत धरलेला केसातला आकडा काढला. पडदा उचलला, अंगठ्यानं हलकेच दाबलं. फूल हललंसुद्धा नाही. बागवानाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला हसूही फुटलं.

तिनं मान वर करून उंचावरच्या ताज्या फुलांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, बघत काय राहिलात? मला उभी करा. वरची राहिलीत."