भिंतीकडचं दार

“आणखी मारा ना! हात आखडू नका,” थोरला म्हणाला.

गाड्या धुण्याच्या त्या दुकानाच्या मालकिणीने बाटलीचा चाप दाबला. पांढऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दारावर औषधाचा फवारा बसला. क्षणभर काहीच झालं नाही. मग दारावरच्या बारीक तांबूस ठिपक्यांना पाझर फुटला. एकेका ठिपक्यातून जांभळा ओघळ निघाला आणि खाली घसरू लागला.

“अगं बाई, रंग जातोय!” बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली थोरल्याची बायको म्हणाली.

“नाही काकू. रंगावर कोटिंग आहे, त्याला धक्का लागत नाही. हे औषध फक्त लोखंड शोधतं. लोखंडाचा कण सापडला की जांभळं होतं आणि त्याला सोडवून खाली आणतं. नुसत्या पाण्याने तो निघत नाही, रुतून बसतो.”

“ऐकलंस? लोखंड!” थोरल्याने बायकोकडे विजयाने पाहिलं आणि मोबाइल काढला. दाराचा एक फोटो लांबून घेतला, एक अगदी नाक लावून.

हे फोटो त्याला उद्यासाठी हवे होते. उद्या नगरपालिकेचे साहेब पाहणीला येणार होते. थोरल्याच्या घराला लागूनच धाकट्या भावाचं घर होतं, मध्ये एक भिंत. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये धाकटा लोखंडी ग्रिल आणि फाटकं बनवायचा. दिवसभर त्याचा ग्राइंडर चालायचा, ठिणग्या उडायच्या. नव्या कोऱ्या गाडीच्या दारावर ठिपके दिसले, त्या दिवशी थोरला भिंतीवरून वाटेल ते बोलला होता. धाकटा एवढंच म्हणाला, “दादा, माझ्या ठिणग्या भिंत ओलांडत नाहीत.”

त्यानंतर दोघांत शब्द नव्हता. थोरल्याने अर्जावर अर्ज केले. उद्या साहेबांची मान हलली की शेडला कुलूप लागणार होतं. धाकट्याचं अख्खं घर त्या शेडवर चालतं, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर त्याला इतकं बरं वाटत होतं.

तोवर त्याने आपल्यापुरती एक सोय करून ठेवली होती. जाता-येता तो गाडी सुसाट आणायचा आणि धाकट्याच्या फाटकासमोर कचकन ब्रेक दाबायचा. टायर किंचाळायचे. धाकटा दचकायचा, हातातलं काम वाकडं जायचं. मग थोरला सावकाश आपल्या फाटकात वळायचा. त्या दिवशी त्याला दोन घास जास्त जायचे.

“त्या कुलपाची किल्ली मी साहेबांकडून मागून घेणार आहे,” तो आता म्हणाला. “काचेच्या कपाटात ठेवीन. येईल त्याला दाखवीन.”

“सख्ख्या भावाच्या पोटावर पाय आणि वर प्रदर्शन,” बायको पुटपुटली.

“सख्खा असता तर तेव्हाच कबूल झाला असता!”

मालकिणीने टपावर फवारा मारला, मग बॉनेटवर. तिथलं औषध आलं तसंच, पाण्यासारखं स्वच्छ, वाहून गेलं. तिच्या कपाळाला आठी पडली. ती गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. बराच वेळ नुसता फवाऱ्याचा आवाज येत राहिला.

“काका, तुम्ही मघाशी म्हणालात ती भिंत गाडीच्या कुठल्या बाजूला असते हो?”

“ड्रायव्हरच्या. का?”

“भिंतीवरून आलेलं काही वरून पडतं. टपावर पडतं. टप तर कोरा आहे. जरा इकडे येता?”

थोरला पलीकडे गेला. भिंतीकडे ज्याचं कधी तोंडही होत नव्हतं, त्या दारावर तसेच जांभळे ओघळ होते. चाकामागे दाट, वर जाताना विरळ. गाडीची ही बाजू आपण शेवटची कधी पाहिली, ते त्याला आठवेना.

“इथे कसे आले?”

“पहिल्यापासून आहेत,” बायको म्हणाली. “मी रोज याच दाराने चढते-उतरते. सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, दिराची कड घेऊ नकोस.”

मालकीण खाली बसली. तिने चाकावर फवारा मारला. चाकातून जांभळ्या पाण्याची धारच लागली आणि फरशीवरून वाहत थोरल्याच्या चपलेपर्यंत आली.

“ब्रेक दाबला की आतली लोखंडी चकती घासते,” ती शांतपणे समजावू लागली. “तिचा तापलेला भुगा उडतो आणि मागच्या पत्र्याला चिकटतो. थोडाफार सगळ्याच गाड्यांना असतो. पण एवढा मी कुठे पाहिला नाही. इतका जोरात ब्रेक तुम्ही रोज दाबता तरी कुठे, काका?”

थोरल्याने मोबाइल खिशात टाकला.

“काढा ना फोटो,” बायको म्हणाली. “चाकाचाही काढा. साहेबांना सगळंच दिसू दे.”

परतताना घराजवळचं वळण संपलं. उघड्या फाटकातून धाकटा दिसला. मान खाली घालून तो एक ग्रिल घासत होता. थोरल्याने गाडी हलकेच थांबवली आणि पहिल्यांदाच त्या ठिणग्या नीट पाहिल्या. धाकट्याच्या पायाशी पडून त्या तिथेच विझत होत्या. भिंत बरीच लांब होती.

किंकाळी न मारता दारात उभी राहिलेली गाडी धाकट्याला दिसली. त्याने घाईघाईने ग्राइंडर बंद केला आणि तो धावत पुढे आला.

“दादा, ब्रेक बिघडले का रे? कुठे लागलं नाही ना तुला?”