दीपकचं विमान

विमान पुन्हा वळलं. राजनंदिनीच्या मोबाइलवरच्या नकाशात समुद्रावर तिसरं वेटोळं उमटलं. मांडीवरची तान्ही केव्हाच झोपली होती, तरी तिला थोपटणारा हात थांबत नव्हता.

"आता काय झालं?" स्वराजने विचारलं. कुडपणच्या पठारावर रिसॉर्ट बांधायला निघालेल्या कंपनीचा हा दलाल. दीपकचं मस्कतहून यायचं तिकीटही त्यानेच काढलेलं.

"मुंबईला गर्दी आहे. एका वेळी एकच उतरवतायत. म्हणून आधी दोन तास मस्कतलाच थांबवून ठेवलं, आता समुद्रावर फिरवतायत."

"त्यापरीस यष्टी बरी," सासरे भागोजी म्हणाले. "सुटली की वाटंत कुठंतरी गावते तरी."

पोलादपूरच्या नोंदणी कार्यालयात सगळे सकाळपासून बसले होते. पठारावरची जमीन तिघांच्या नावावर. भागोजी आणि थोरला दीर राजेश सहीला तयार होते. राहिला होता राजनंदिनीचा नवरा, दीपक. कराराची मुदत आज पाचला संपत होती. तोवर त्याची सही झाली नाही, तर कंपनी दुसऱ्या गावात जागा घेणार होती.

"विमानतळावर आपला माणूस आहे," स्वराज म्हणाला. "पुढे घ्यायला लावतो."

"लावा की. पण विमानं उतरवणारं ऑफिस वेगळं. तिथे ओळखीने नंबर लागत नाही."

राजेश हसला. "टेन्शन नको, स्वराजभाऊ. दीपक उतरला की काम झालं. मी समोर दिसलो की गपचूप सही करतो. लहानपणापासून तसाच हाय तो."

बाहेर रिक्षा थांबली की राजनंदिनी दचकून दाराकडे बघायची.

पावणेदोनला नकाशावरची रेघ वेटोळं सोडून उत्तरेला निघाली. "अहमदाबादला वळवलं," ती म्हणाली. "फिरून फिरून इंधन कमी झालं असणार."

स्वराजने दीपकला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. राजेशने खुर्ची लाथेने मागे सारली. "अगो, तू तरी काहीतरी कर!"

"मी काय करू, दादा? विमान माझ्या हातात आहे का?"

तीन वाजले. चार वाजले. तान्ही रडून उठली. राजनंदिनीने तिला पदराआड घेतलं, पण बाक सोडलं नाही. पाचला कारकुनाने संगणक बंद केला, खिडकी ओढली, दाराला कुलूप घातलं. स्वराज कुणाशीही न बोलता गाडीत बसून निघून गेला. तेव्हा कुठे तिने मोबाइल पिशवीत टाकला.

"चला," राजेश म्हणाला. "अहमदाबादला गाडी पाठवायला हवी. अडकला असेल बिचारा."

"नको, दादा. हे त्या विमानात बसलेच नाहीत. कालच दुसऱ्या विमानाने आले. आपण इकडे निघाल्यापासून कुडपणला शेतात नाचणीतलं तण बेणतायत."

भागोजींचा हात काठीवरच राहिला. राजेश तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आणि तू दिवसभर इथं गप बसलीस?"

"बोलले असते, तर तासाभरात तुम्ही त्यांना इथे आणून उभं केलं असतं. तुमच्यासमोर त्यांना 'नाही' म्हणता येत नाही." तिने लेकीला खांद्यावर घेतलं. "मला येतं."